घड्याळाला खबर पोहोचलीच नव्हती

गेल्या रमजानातली गोष्ट. चौथा की पाचवा रोजा असेल. दस्तरखान मांडलेले, सगळे घर भोवती बसलेले आणि मशिदीतून मग्रीबची बांग सुरू झाली. आम्ही बिस्मिल्लाह म्हणून खजूर तोंडात टाकला. धाकट्या सुनेने मात्र हातातला खजूर परत ताटलीत ठेवला. मोबाइलकडे पाहत ती हळूच म्हणाली, "अब्बा, बांग दोन मिनिटं अगोदर होतेय. कालही झाली होती."

आम्ही तिला तिथेच गप्प केले. "मशिदीतलं घड्याळ जर्मनीचं आहे, ते रेडिओवरून वेळ घेतं. तुझा मोबाइलच चुकत असेल," असे आम्ही म्हणालो, तेही जरा वरच्या आवाजात. ती बिचारी काही बोलली नाही. दोन मिनिटे थांबून तिने रोजा सोडला. त्या रात्री तरावीहनंतर आम्ही सहज आपला मोबाइल काढून मशिदीतल्या घड्याळाशी ताडून पाहिला. शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांचे मोबाइलही पाहिले. तिन्ही मोबाइल एक वेळ सांगत होते आणि भिंतीवरचे घड्याळ दुसरी. घड्याळ सव्वादोन मिनिटे पुढे होते.

वाचक बंधू-भगिनींनो, सव्वादोन मिनिटे म्हणजे काय मोठे, असे एरवी आपण म्हणतो. एसटी सव्वादोन मिनिटे उशिरा आली तर आपण तिला वेळेवर आली म्हणतो. पण रोजा सोडण्याच्या बाबतीत सव्वादोन मिनिटांना फार किंमत आहे. सूर्य मावळण्याआधी तोंडात गेलेला खजूर आणि मावळल्यानंतर गेलेला खजूर यांत पूर्ण दिवसाच्या उपवासाचा फरक आहे. आणि इथे तर पूर्ण मोहल्ल्याचा प्रश्न होता.

घड्याळ आले कसे?

आमचा भाचा जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ नोकरीला आहे. आधीच्या बकरी ईदला तो आमच्या कोकणातल्या गावी आला तेव्हा मशिदीसाठी मोठ्या आकड्यांचे एक घड्याळ घेऊन आला. ते भिंतीवर लावताना तो म्हणाला, "मामू, हे रेडिओवरून वेळ घेतं. जर्मनीत याला कुणी हात लावत नाही, आपोआप लागतं."

आम्ही सर्वांनी त्यातले ऐकले एवढेच, की आपोआप लागते. 'जर्मनीत' हा शब्द कुणाच्याच कानात शिरला नाही. भाच्याने आपल्याकडची वेळ हाताने लावून दिली, घड्याळ भिंतीवर चढले, जमातीने त्याला दुआ दिल्या आणि सुट्टी संपवून तो परत गेला. त्याआधी आमचे मुअज्जिन साहेब दर जुम्याला खुर्चीवर चढून जुने घड्याळ मोबाइलशी मिळवून घेत. नवे घड्याळ आल्यावर त्यांची ही मेहनत वाचली. आपोआप लागणाऱ्या घड्याळाला कशाला कोण मिळवील?

तरावीहनंतरच्या त्या रात्री आम्ही भाच्याला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामू, आकड्यांच्या वरच्या कोपऱ्यात टॉवरचं एक छोटं चिन्ह असतं. ते दिसतंय का बघा." आम्ही पाहिले. चिन्ह नव्हते. तो म्हणाला, "चिन्ह नाही म्हणजे त्याला रात्री खबर मिळालेली नाही. आणि तिथे ती कधी मिळणारही नाही. मी लावून गेलो तेव्हापासून ते स्वतःच्याच भरवशावर चाललंय."

साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद पुढे-मागे होते. बकरी ईदपासून रमजानपर्यंत नऊ महिने. महिन्याला पंधरा सेकंद धरा, झाली सव्वादोन मिनिटे. हिशेब बरोबर जुळला.

आपल्यापैकी ज्यांची मुले, भाऊ, जावई जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत किंवा जपानमध्ये आहेत, त्यांच्या घरी असे घड्याळ भेट म्हणून आलेले असण्याचा संभव आहे. कुणाच्या मनगटावर असेल, कुणाच्या स्वयंपाकघरात. डब्यावर 'रेडिओ कंट्रोल्ड' असे लिहिलेले असते. म्हणून या महिन्यात ही घड्याळे वेळ कुठून घेतात, ती वाटेत कशाने अडते आणि अडली तर घड्याळ काय करते, हे समजून घेऊ. भाच्याशी झालेल्या दोन-चार रात्रींच्या बोलण्यातून आणि आमच्या वाचनातून जे उमगले ते असे.

सेकंदाला एक अक्षर

फ्रँकफुर्टच्या आग्नेयेला सुमारे २५ किलोमीटरवर माइनफ्लिंगेन नावाचे गाव आहे. तिथे उंच मनोऱ्यांवर ताणलेल्या तारांमधून एक रेडिओ-केंद्र दिवसरात्र वेळ प्रक्षेपित करते. त्याचे नाव डीसीएफ-७७. हे केंद्र १९५९ पासून चालू आहे आणि आजच्यासारखा तारीख-वेळेचा पूर्ण संदेश ते १९७३ पासून पाठवते. केंद्रात अणुघड्याळे आहेत आणि त्यांच्यावर ब्राउनश्वाइग शहरातली जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था नजर ठेवते. देशाची कायदेशीर वेळ लोकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी १९७८ पासून कायद्याने याच संस्थेकडे आहे.

अणुघड्याळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सिझियम नावाच्या धातूच्या अणूची एक ठरलेली थरथर असते. ती ९,१९२,६३१,७७० वेळा झाली की एक सेकंद, अशी सेकंदाची व्याख्या १९६७ पासून जगाने मान्य केली आहे. अणूची ही थरथर उन्हाने वाढत नाही आणि म्हातारपणाने मंदावत नाही.

ही वेळ लोकांच्या घड्याळापर्यंत ज्या लहरीवर बसून जाते तिची वारंवारता ७७.५ किलोहर्ट्झ आहे. म्हणजे सेकंदाला ७७,५०० कंपने. ही फार लांब लहर आहे. तिची एक लाट जवळजवळ ३,८७० मीटर भरते. इतकी लांब लहर जमिनीला धरून चालते, डोंगर आणि इमारती वळसा घालून ओलांडते आणि घराच्या भिंतींतूनही आत येते. म्हणूनच स्वयंपाकघरातल्या घड्याळाला गच्चीवर अँटेना लावावा लागत नाही.

संदेशाची पद्धत अगदी साधी आहे. दर सेकंदाच्या सुरुवातीला केंद्र आपल्या लहरीचा जोर क्षणभर एकदम कमी करते. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ कमी केला तर त्याचा अर्थ शून्य. दोन दशांश सेकंद कमी केला तर त्याचा अर्थ एक. बस्स, एवढीच लिपी. एका सेकंदाला एक अक्षर. मिनिटाच्या अखेरच्या सेकंदाला मात्र काहीच होत नाही. ती शांतता ऐकली की घड्याळ समजते, आता पुढचा ठोका नव्या मिनिटाचा.

एकविसाव्या सेकंदापासून मिनिटांचा आकडा येतो, मग तासांचा, मग तारीख, वार, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. पूर्ण संदेशाला एक मिनिट लागते आणि त्यात येणाऱ्या मिनिटाची वेळ सांगितलेली असते. आजच्या जमान्यात ही गती गोगलगायीची वाटेल. पण याच संथपणात फायदा आहे, तो पुढे सांगतो.

घड्याळाचा कान

हे ऐकायला घड्याळात काय असते? आमच्या वयाच्या वाचकांनी जुना ट्रान्झिस्टर उघडलेला पाहिला असेल. त्यात एक काळी ठिसूळ कांडी असायची, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. तिला फेराइटची कांडी म्हणतात. तशीच कांडी या घड्याळात असते. मनगटी घड्याळात तर ती बोटाच्या पेरापेक्षाही लहान. जवळजवळ चार किलोमीटरची लाट आणि तिला पकडायला पेराएवढी कांडी! त्यामुळे मिळणारा आवाज फार क्षीण असतो. अशी मनगटी घड्याळे १९९० मध्ये जर्मनीच्या युंगहान्स कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणली. तिने तर ही अँटेना घड्याळाच्या पट्ट्यातच बसवली होती.

ट्रान्झिस्टरवर स्टेशन नीट लागत नसले की आपण तो थोडा फिरवून पाहायचो, आठवते? त्यामागचे कारण हीच कांडी. ती केंद्राच्या दिशेला आडवी असली की चांगले ऐकते आणि तिचे टोक केंद्राकडे झाले की जवळजवळ बहिरी होते. म्हणून या घड्याळांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, की रात्री घड्याळ खिडकीजवळ ठेवा आणि वेळ मिळत नसेल तर दिशा बदलून पाहा.

गोंगाट कुठून येतो?

आता अडचणींकडे येऊ. क्षीण आवाज ऐकणाऱ्यापुढे मोठी अडचण गोंगाटाची असते. आणि आपली आजची घरे या लहरींच्या कानाने ऐकली तर अक्षरशः बाजार आहेत.

मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, कॉम्प्युटर यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून नेमक्या याच पट्ट्यातला गोंगाट बाहेर पडतो. पूर्वीच्या पेटीसारख्या टीव्हीची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. त्याच्या पडद्यावर सेकंदाला १५,६२५ रेषा काढल्या जात. या आकड्याची पाचपट केली तर ७८,१२५ येतात. डीसीएफ-७७ ची लहर ७७,५०० ची. म्हणजे टीव्ही जणू घड्याळाच्या कानाशी बसून जवळजवळ त्याच सुरात ओरडत असे. अशा टीव्हीवर ठेवलेले घड्याळ बिघडलेले नसूनही रात्र-रात्र वेळ शोधत राही. घड्याळ टीव्हीपासून दीड-दोन मीटर दूर ठेवा, हा सल्ला तेव्हापासून चालत आला.

त्याशिवाय वीज कडाडली की लांब लहरींत मोठा खरखराट होतो. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट आणि पत्र्याचे छप्पर लहर अडवतात. मनगटी घड्याळाची धातूची पेटीसुद्धा अडसर होते, म्हणून पहिली अनेक वर्षे ही घड्याळे प्लास्टिकची किंवा चिनी मातीसारख्या सिरॅमिकची करत.

एकाच लहरीवर दोन केंद्रे बोलू लागली तर आणखी गोंधळ. ब्रिटनचे केंद्र ६० किलोहर्ट्झवर आहे. ते पूर्वी रग्बी गावातून बोलत असे, १ एप्रिल २००७ पासून उत्तरेकडच्या अँथॉर्नमधून बोलते. अमेरिकेचे केंद्र कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सला आहे, तेही ६० किलोहर्ट्झवरच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळाला रात्री कधी दोन्ही एकदम ऐकू येत आणि ते गोंधळून जाई. म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्राने आपल्या संदेशात आणखी एक खूण मिसळली. ती ओळखणाऱ्या नव्या घड्याळांना आपले केंद्र परक्यातून वेगळे काढता येते.

घड्याळ स्वतःला कसे जपते?

या सगळ्या गोंगाटात घड्याळ चुकीची वेळ का लावून घेत नाही? त्याच्याकडे चार उपाय आहेत.

पहिला, ते ऐकायची वेळ निवडते. दिवसभर त्याचा रेडिओ बंद असतो. रात्री एक-दोन-तीनच्या सुमारास तो काही मिनिटे चालू होतो. त्या वेळी घरातली यंत्रे बरीचशी झोपलेली असतात, मनगटावरचे घड्याळ काढून स्थिर ठेवलेले असते आणि रात्री या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परतून जास्त दूर जातात. बॅटरीही वाचते. तहज्जुदच्या शांततेत माणसालाही आपल्या मनातले स्पष्ट ऐकू येते, तसेच काहीसे हे आहे.

दुसरा, ते एकाच सुराला कान देते. अँटेनाच्या मागे क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक बसवलेला असतो. तो नेमक्या ७७.५ किलोहर्ट्झला थरथरतो आणि अगदी चिंचोळ्या फटीतून तेवढेच आत सोडतो. केंद्र सेकंदाला एकच अक्षर बोलते म्हणून इतकी चिंचोळी फट चालते. भरभर बोलणाऱ्यासाठी फट मोठी ठेवावी लागली असती आणि तिच्यातून गोंगाटही आत आला असता. मघाशी म्हटलेला संथपणाचा फायदा तो हा.

तिसरा, ते बेरीज ताडून पाहते. समजा मिनिटाचा आकडा ३७ आहे. तो २०, १०, ४, २ आणि १ असा मिळून पाठवला जातो, म्हणजे पाच 'एक'. त्यामागून केंद्र साक्षीसाठी एक जादा अक्षर पाठवते, ज्यामुळे 'एक'ची एकूण संख्या नेहमी सम व्हावी. इथे ते अक्षर 'एक' असेल, म्हणजे एकूण सहा. वाटेत खरखराटाने त्यातले एक अक्षर जरी बदलले तरी संख्या विषम होते आणि घड्याळ तो संदेश टाकून देते. मिनिट, तास आणि तारीख या तिन्हींसाठी अशी वेगवेगळी साक्ष असते.

चौथा उपाय आम्हाला फार आवडला. दोन अक्षरे एकदम बिघडली तर बेरीज चुकूनही बरोबर येऊ शकते. म्हणून घड्याळ एका संदेशावर विसंबतच नाही. ते पुढच्या मिनिटाचा संदेश ऐकते, काही घड्याळे त्याच्याही पुढचा. पहिला ६ वाजून ३७ मिनिटे म्हणाला असेल तर दुसऱ्याने ३८ म्हटले पाहिजे. तारीख, महिना, वर्ष जुळले पाहिजे. ओळीने आलेले संदेश एकमेकांची साक्ष देऊ लागले, तरच घड्याळ आपले काटे किंवा आकडे हलवते. नाहीतर? नाहीतर ते जसे चालले आहे तसेच चालू ठेवते आणि टॉवरचे चिन्ह काढून टाकते. चुकीची वेळ लावून घेण्यापेक्षा, खबर मिळाली नाही हे कबूल करणे त्याला पसंत असते.

जपानमध्ये २०११ च्या मार्चमध्ये याचा मोठा अनुभव आला. फुकुशिमा अणुवीज प्रकल्पाच्या दुर्घटनेनंतर भोवतालचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा करावा लागला. त्या परिसरातच तिथले ४० किलोहर्ट्झचे वेळेचे केंद्र होते. १२ मार्चला ते बंद झाले आणि एप्रिलच्या उत्तरार्धात परत सुरू झाले. या काळात ज्या घड्याळांना क्युशू बेटावरच्या दुसऱ्या केंद्राचे ऐकू येत नव्हते, ती साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखी चालत राहिली. ती बंद पडली नाहीत आणि भलतीच वेळही सांगू लागली नाहीत. महिन्याला फार तर थोडे सेकंद इकडे-तिकडे.

भाच्याच्या स्वयंपाकघरातले घड्याळ

भाच्याने आपल्या घरचा एक किस्सा सांगितला. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता सगळी घड्याळे एक तास पुढे करून तीन करतात. उन्हाळी वेळ म्हणतात तिला. २०२४ मध्ये हा रविवार ३१ मार्चला होता, म्हणजे ऐन रमजानात, अखेरचा अशरा सुरू होताना. सहरीच्या तक्त्यात त्या दिवसापासूनच्या वेळा नव्या हिशेबाने छापलेल्या. ज्याचे घड्याळ जुन्याच वेळेवर राहील त्याला वाटणार, अजून एक तास बाकी आहे, आणि तो सहर संपल्यानंतरही जेवत बसणार.

त्याच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाला हा बदल रेडिओवरून कळतो. बदलाच्या आधीच्या तासाभरात केंद्र आपल्या संदेशात एक अक्षर त्यासाठीच पाठवते. पण रविवारच्या चार-पाच दिवस आधी त्याच्या बायकोने पाहिले, की घड्याळावर टॉवरचे चिन्ह नाही. केंद्र घरापासून तासाभराच्या वाटेवरही नाही आणि खबर मिळत नाही, असे कसे? मग लक्षात आले, त्याच आठवड्यात ओट्यावर नवा एलईडी दिवा बसवला होता, घड्याळापासून हातभर अंतरावर. घड्याळ काढून खिडकीजवळच्या भिंतीवर लावले, दुसऱ्या सकाळी चिन्ह परत आले आणि रविवारी पहाटे घड्याळ आपोआप पुढे गेले. दिवा लावला म्हणून सहर चुकली असती, असे तो हसत सांगत होता. पण ते टळले कारण घरातल्या एका बाईने रोज त्या चिन्हाकडे पाहण्याची सवय ठेवली होती.

आम्ही मनात म्हटले, एक ती आणि एक आमची सून. आम्ही मात्र दोन्हीकडे पाहिले नाही, चिन्हाकडेही आणि सुनेकडेही.

आपल्याकडे खबर का येत नाही?

जर्मनीच्या केंद्राचा आवाका सुमारे २,००० किलोमीटरचा. फ्रँकफुर्ट ते मुंबई साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. ब्रिटन, जपान, अमेरिका यांची गत तीच. चीनमध्ये शांगच्यू इथे ६८.५ किलोहर्ट्झचे केंद्र आहे, पण तेही आपल्या कोकणापासून हजारो किलोमीटर दूर. भारताची प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आपल्या अणुघड्याळांवर सांभाळते. पण घड्याळांना ऐकू येईल असे लांब लहरींचे केंद्र आपल्या देशात नाही. म्हणून असे घड्याळ इथे आणले तर ते चांगले क्वार्ट्झ घड्याळ असते, एवढेच. त्याला हातानेच मिळवावे लागते. त्यातही काही घड्याळांत वेळेचा फरक पूर्ण तासांतच लावता येतो आणि आपली वेळ तर साडेपाच तासांची. ती घड्याळे घेताना हे पाहून घ्यावे.

मोबाइलची गोष्ट वेगळी. तो आपली वेळ टॉवरच्या नेटवर्कवरून किंवा इंटरनेटवरून घेतो, म्हणून 'आपोआप वेळ' हे बटण चालू असेल तर तो सहसा बरोबर असतो.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घड्याळ कितीही अचूक असले तरी तक्ता आपल्याच गावचा हवा. रेखांशाच्या एका अंशाला सूर्याच्या वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. नागपूर आणि मुंबई यांच्यात सहा अंशांहून अधिक अंतर आहे, म्हणजे सुमारे २५ मिनिटे. मुंबईच्या तक्त्यावर नागपूरला सहर करणाऱ्याला अणुघड्याळही वाचवू शकत नाही.

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही मौलाना साहेबांना आणि मुअज्जिन साहेबांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. मुअज्जिन साहेबांचा चेहरा उतरला. "माझ्या हातून एवढ्या लोकांचे रोजे..." एवढेच बोलून ते थांबले. मौलाना साहेबांनी तक्ता आणला. आमच्या गावच्या तक्त्यात इफ्तारीसाठी एहतियात म्हणून तीन मिनिटे आधीच धरलेली आहेत. घड्याळ सव्वादोन मिनिटे पुढे होते. म्हणजे बांग झाली ती सूर्य मावळल्यावरच झाली. मौलाना साहेब म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह, रोजे सलामत आहेत. पण एहतियात ही सूर्य आणि डोंगर यांच्यासाठी ठेवली होती, आपल्या आळसासाठी नव्हे." सहरीला तर हीच चूक आपल्या बाजूची ठरली होती, कारण पुढे असलेले घड्याळ सहर लवकर संपवते. घड्याळ मागे पडले असते तर पहाटेचा हिशेब फार वेगळा झाला असता.

मुसलमानांच्या मशिदींत एके काळी यासाठी वेगळा माणूस असे. त्याला मुवक्कित म्हणत. दमिश्कच्या उमय्या मशिदीत १४ व्या शतकात इब्न अल-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ या जागेवर होते. १३७१ मध्ये त्यांनी तिथल्या मिनारासाठी एक मोठी धूपघडी बनवली. तिच्यात रेडिओ नव्हता आणि अणूही नव्हता. पण वेळेची जबाबदारी कुणाची, हे तिथे ठरलेले होते. आमच्या मशिदीत नवे घड्याळ आले आणि ही जबाबदारी कुणाचीच राहिली नाही.

ते घड्याळ आम्ही काढून टाकलेले नाही. मोठे आकडे म्हाताऱ्यांना दुरून दिसतात आणि भाच्याने प्रेमाने दिलेली वस्तू आहे. त्याच्याखाली आता एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर लिहिले आहे: 'हे घड्याळ इथे हाताने मिळवावे लागते.' खाली तारखांचा रकाना आहे. दर जुम्याला मुअज्जिन साहेब पुन्हा खुर्चीवर चढतात, दोन मोबाइलांशी ताडून घड्याळ मिळवतात आणि तारीख लिहून सही करतात. रमजानात हे काम रोज असरनंतर होते. दोन मोबाइल कशासाठी, असे एकाने विचारले तेव्हा मुअज्जिन साहेब म्हणाले, "घड्याळसुद्धा एका साक्षीवर भरवसा ठेवत नाही, मग आपण का ठेवावा?"

आपल्या घरी असे घड्याळ असेल तर आज रात्री इशानंतर जरा त्याच्या कोपऱ्यात पाहा. टॉवरचे चिन्ह नसेल तर रागावू नका, ते खोटे बोलत नाही. हाताने मिळवून घ्या, महिन्यातून एकदा तरी ताडून पाहा आणि मिळवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सुनेची माफी आम्ही त्याच दिवशी इफ्तारला मागितली, सगळ्यांसमोर. ती लाजून म्हणाली, "अब्बा, असू द्या, खजूर घ्या." आम्ही म्हणालो, "आधी तुझा मोबाइल बघ, मग सांग." तिने पाहिला, मान हलवली आणि मग आम्ही रोजा सोडला.